पाहुण्याचं काम

शिडाच्या बोटीने एखाद्या बेटावर जायचं तर पोचायच्या बऱ्याच आधी आपण तिथल्या लोकांना दिसलेले असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोट पाच-सहा नॉटने चालते, म्हणजे ताशी दहाएक किलोमीटर, तेही वारा बरा असला तर. क्षितिजावर डोलकाठीचं टोक दिसतं तिथपासून नांगर पडेपर्यंत काही तास सहज जातात आणि तेवढ्यात गावात सगळं ठरून झालेलं असतं, किती माणसं असतील, कुणाच्या घरी पाठवायची, भेटीची यंगोनाची मुळं आणलीत की हात हलवत आलेत. आपण इकडे दुर्बीण लावून किनारा न्याहाळतोय, मनात 'अज्ञात बेट' वगैरे चाललंय, आणि तिकडे पोरांनी केव्हाच ओरडून सांगितलंय की अजून एक यॉट आली.

मी लिहितेय ते फुलांगाबद्दल. फिजीत 330 च्या वर बेटं आहेत, त्यातल्या साधारण 110 बेटांवर माणसं राहतात, आणि त्यातली पूर्वेकडची, टोंगाच्या बाजूची लांबलचक माळ म्हणजे लाऊ बेटं. फुलांगा त्या माळेच्या दक्षिण टोकाकडे. विमानतळ नाही, हॉटेल नाही, राजधानी सुवाहून सामानाचं जहाज येतं ते साधारण महिन्याने आणि कधी त्याहून उशिरा. तीन छोटी गावं, चुनखडीचं बेट, आणि मधे एक लगून, म्हणजे बेटाच्या कडांनी वेढलेलं समुद्राचं शांत पाणी, ज्यात पाण्याने खालून कोरून काढलेले मशरूमसारखे खडक शेकड्याने उभे आहेत. फोटो कुठेही मिळतील, त्यामुळे त्या निळ्या रंगाचं वर्णन मी करत बसत नाही.

मी बोटीवर क्रू होते. बोट न्यूझीलंडच्या एका जोडप्याची, दोघं साठीच्या पुढचे, त्याला गुडघ्याचा त्रास म्हणून शिडं ओढायला आणि रात्रीच्या वॉचला तिसरं माणूस हवं होतं, ते मी. (रात्रीचा वॉच म्हणजे बाकीचे झोपलेले असताना एकटीने जागं राहून बोट सांभाळायची. लोकांना हे फार रोमँटिक वाटतं. झोपेने डोळे मिटत असतात आणि चहा सांडत असतो, बस.)

फुलांगाला थेट जाता येत नाही, हे आधी सांगायला हवं. परदेशी बोटीने फिजीत शिरल्यावर आधी पोर्ट ऑफ एन्ट्री गाठायचं, सुवा, लाउतोका, लेवुका नाहीतर सावुसावु, तिथे कस्टम्स, इमिग्रेशन, बायोसिक्युरिटी सगळं करायचं आणि मग बेटाबेटांवर फिरायचं वेगळं परमिट घ्यायचं. आम्ही टोंगाकडून आलो म्हणजे लाऊ आमच्या वाटेतच होतं, रात्री त्याच्या रीफपासून, म्हणजे पाण्यातल्या प्रवाळाच्या खडकांपासून, लांब राहत पुढे गेलो, पण थांबायची परवानगी नाही. सावुसावु गाठायचं, कागद करायचे, आणि मग परत तेवढंच उलटं, जवळपास 200 नॉटिकल मैल, आग्नेयेला. मे ते ऑक्टोबरच्या मोसमात वारा वाहतो नेमका आग्नेयेकडूनच. म्हणजे जिथे जायचं तिथूनच तो तोंडावर येतोय. मग सगळ्या यॉटवाल्यांचा एकच उद्योग, सावुसावुच्या खाडीत बोट बांधून बसायचं, रोज हवामानाची फाइल उतरवायची आणि वारा कधी उत्तरेकडे झुकतोय ते बघायचं. झुकला की दोन-तीन दिवस मिळतात. लाऊच्या बऱ्याच भागात पूर्वी परदेशी यॉटना सहज परवानगी मिळायची नाही, आता मिळते, पण या वाऱ्यामुळे गर्दी तशी बेतानेच राहिली आहे.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत मी मार्केटात यंगोना घ्यायला गेले. यंगोना म्हणजे कावा, मिरीच्या कुळातलं झुडूप, त्याची वाळवलेली मुळं. लांब मुळ्यांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून रिबिनीने बांधून मिळते, खास गावाला द्यायसाठी. विकणारा माणूस फिजी इंडियन, पणजोबा कलकत्त्याहून बोटीत बसलेले, एवढंच त्याला माहीत होतं. आमचं बोलणं हिंदीत, म्हणजे माझी हिंदी आणि त्याची फिजीची हिंदी, जिला भोजपुरी-अवधीचा वास आहे, पण चाललं नीट. त्याने मला शिकवलं, बारीक मुळ्या म्हणजे वाका, त्या जास्त कडक, जाड खोडाचा भाग हलका, आणि गावात द्यायचं तर वाकाच द्यायचं, दुकानातली पूड नेऊ नकोस, ती पिशवी पुढे केलीस तर घेतील पण बरं दिसत नाही. भाव काय झालेत ते पण ऐकवलं. 2016 मध्ये विन्स्टन चक्रीवादळ आलं त्यात पिकं झोपली, आणि हे झुडूप तयार व्हायलाच तीन ते पाच वर्षं लागतात, मग भाव चढला तो चढलाच. कुठे चाललीस विचारलं. फुलांगा म्हणलं. तो हसला, म्हणाला मी जन्मात गेलो नाही तिकडे. का, विचारलं तर म्हणाला, माझं काय काम तिथे. त्या वेळी मी ते सोडून दिलं.

लगूनच्या तोंडाशी आम्ही दुपारच्या सुमाराला पोचलो. लाऊच्या चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशांवर, फार विश्वास टाकू नये म्हणतात ते खरंय, कितीतरी ठिकाणी चार्टनुसार तुमची बोट चक्क बेटावर चढलेली दिसते, म्हणून सॅटेलाइट इमेज आधी उतरवून ठेवायच्या आणि ऊन डोक्यावर असताना आत शिरायचं, तेव्हाच पाण्याच्या रंगावरून खडक कळतो. मी पुढे नाळेवर उभी, कॅप्टनची बायको सुकाणूवर. तोंड अरुंद आहे आणि बाहेरच्या लाटा रीफवरून सतत आत पाणी लोटत असतात, ते सगळं परत बाहेर पडायला वाट ही एवढीच, त्यामुळे ओहोटीला तिथे नदीच वाहते. स्लॅकची, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं त्या वेळेची, वाट बघत बाहेर घिरट्या घातल्या. आत शिरलो आणि एकदम शांत.

इथवरचं सगळं समुद्राचं. खरं काम पुढे होतं.

फिजीत गावासमोर नांगर टाकला म्हणजे तुम्ही 'कुठेतरी समुद्रात' नसता, कुणाच्या तरी अंगणात असता. देशातली सुमारे 87 टक्के जमीन इ-तौकेई लोकांच्या, म्हणजे मूळ फिजीयन कुळांच्या सामूहिक मालकीची, आणि किनाऱ्यालगतचं पाणी, त्यातली रीफ, त्यातले मासे यावरही त्या त्या कुळांचा परंपरागत मासेमारीचा हक्क, त्याला गोलीगोली म्हणतात, अशी 410 क्षेत्रं नोंदवलेली आहेत. म्हणून पोचल्या पोचल्या पोहायला उडी मारायची नाही, मासा पकडायचा नाही, बीचवर फेरफटका नाही. आधी गावात जाऊन सेवुसेवु. यंगोना प्रमुखापुढे ठेवायचं आणि आम्ही आलोय म्हणून सांगायचं.

टोपी नाही, गॉगल नाही, खांदे झाकलेले, कमरेला सुलू गुंडाळलेला, पाठीवर सॅक घ्यायची नाही, हातात धरायची. गाव लगूनच्या बाजूला नाहीच, पलीकडे समुद्राच्या बाजूला आहे, त्यामुळे डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, वाळूवर ओढून झाडीतल्या पायवाटेने चालत जायचं. वाटेत एक पोरगा भेटला, तो काहीच न बोलता आमच्या पुढे चालायला लागला. गावाच्या कडेला तुरांगा नि कोरो उभेच होते, हे गावाचे कारभारी, सरकारी कामकाज यांच्याकडे. परमिटचा कागद त्यांनी नीट वाचला, मागचं पान पण वाचलं. मग आम्हाला प्रमुखाच्या घरी नेलं.

चटईवर मांडी घालून बसलो. पुरुष पुढे, आम्ही दोघी मागे, असंच असतं. प्रमुख म्हातारे, बनियनवर, अगदी साधे. कारभाऱ्यांनी आमची जुडी घेऊन समोर चटईवर ठेवली आणि त्यांच्या भाषेत आमची ओळख करून द्यायला सुरुवात केली, ती बरीच लांब चालली, आमच्याबद्दल एवढं काय बोलण्यासारखं होतं देव जाणे. ती जुडी मधे पडून होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना ती दिसत होती. तोवर आम्ही कोण? कोणीच नाही, बाहेरून आलेले. मग प्रमुखांनी हात पुढे करून ती उचलली, आणि सगळ्या पुरुषांनी ओंजळीसारखे पोकळ हात करून संथ टाळ्या वाजवल्या, ठप्प, ठप्प, खोल आवाजाच्या. त्यानंतर प्रमुख जे बोलले त्याचा अर्थ कारभाऱ्यांनी सांगितला, की आता तुम्ही या गावाचे, समुद्र तुमचा, वाटा तुमच्या, आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर ते आमच्यावर.

शेवटचं वाक्य ऐकून मी जरा चपापले. कारण स्वागत म्हणल्यावर माझ्या डोक्यात हार, हसरे चेहरे, शहाळं असलंच काहीतरी होतं. हे प्रकरण वेगळं होतं. गावाने आमची जबाबदारी घेतली होती आणि जबाबदारी घेतली म्हणजे आमच्यावर हक्कही आला होता. अतिथीला देव मानलं की त्याला पाटावर बसवून मोकळं होता येतं, इथे पाहुण्याला देव वगैरे कुणी करत नाही, इथे पाहुण्याला घरात घेतात आणि घरात घेतलेल्या माणसाला काम असतं.

मग कावा. तानोआ नावाच्या लाकडी, पायवाल्या पसरट भांड्यात मुळं कुटून केलेली पूड पाण्यात कोळून गाळतात, आणि अर्ध्या करवंटीतून, म्हणजे बिलोतून, एकेकाला देतात. आपली पाळी आली की एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायचं, करवंटी परत द्यायची आणि तीन टाळ्या. चव मातीच्या पाण्यासारखी, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. जीभ आणि ओठ बधिर होतात, डोकं मात्र जागेवर राहतं, फक्त सगळ्याला भरपूर वेळ आहे असं वाटायला लागतं. चुनखडीच्या या बेटावर यंगोना धड येत नाही, बाहेरूनच यावं लागतं, त्यामुळे आमच्या जुडीला किंमत होती, नुसता मान म्हणून दिलेली वस्तू नव्हती ती.

फुलांगाची एक खास रीत यॉटवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. प्रत्येक बोटीला गावातलं एक घर नेमून देतात. आपण निवडायचं नाही, ते ठरवतात, पाळीपाळीने, म्हणजे सगळ्या घरांना पाहुणे मिळतात आणि सगळ्यांवर भारही सारखा पडतो. आमच्या वाट्याला एक काका-काकू आले. (त्यांना मी मनात काका-काकूच म्हणायचे, आणि इथेही तेच ठेवते, नावं कशाला.) काका लाकूड कोरणारे, काकू चटया विणणाऱ्या. घरात त्यांची सून, दोन नातवंडं, आणि एक तरुण पुतण्या जो कायम तारेने काहीतरी दुरुस्त करत असायचा.

पहिल्या दिवशी काकूंनी माझ्यापुढे उकडलेला कसावा आणि नारळाच्या दुधातला मासा ठेवला आणि मी जेवताना समोर बसून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात नारळ आणि खोवणी दिली. मला हे फार आवडलं. खोवता येतं म्हणल्यावर तर माझा भाव एकदम वाढला, कारण आधीच्या बोटीवरच्या बाईला ते जमलं नव्हतं म्हणे, आणि त्यांनी तिची जी नक्कल करून दाखवली ती बघून सून हसून लोळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण गेल्यावर आपलीही नक्कल होणार. झाली असणारच.

चटईची पानं म्हणजे केवड्याच्या जातीतलं एक झाड, त्याची पानं कापून, काटे काढून, वाळवून, शिंपल्याने ओढून मऊ करायची. मला फक्त ओढायचं काम दिलं होतं, विणायचं नाही. बायका बोलत असायच्या, मधेच एखादी इंग्रजीत मला काहीतरी विचारायची, लग्न झालंय का, आई आहे का, आई एकटी असेल तर तू इथे काय करतेस. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, इंग्रजीतही नाही.

आता केरेकेरे. याबद्दल यॉटवाले आपापसात फार कुरकुर करतात, म्हणून लिहितेच. केरेकेरे म्हणजे मागणं, नात्यातल्या माणसाकडे हवं ते मागायचं आणि त्याने सहसा नाही म्हणायचं नाही, पुढे कधी त्यालाही मागता येतं. आम्ही घरातले झालो म्हणल्यावर मागणी सुरू झाली. थोडं पेट्रोल मिळेल का होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी. दोरी आहे का जुनी. वाचायचा चष्मा. काकूंचं हाताने फिरवायचं शिवणयंत्र अडकलं होतं ते कॅप्टनने दोन तास खोलून बसवलं, मग शेजारणीचं आलं, मग तिसरीचं. पुतण्याला सोलरचा चार्ज कंट्रोलर बघून हवा होता. एका संध्याकाळी डिंगीत बसून परत येताना कॅप्टनची बायको म्हणाली, हे जरा जास्तच होतंय, आपण सुट्टीवर आहोत ना? तिचा मुद्दा मला कळत होता. पण त्याच डिंगीत पपया होत्या, कसावा होता, केळीच्या पानात बांधलेले शिंपले होते, आणि सकाळी काका स्वतःची बोट घेऊन, स्वतःचं पेट्रोल जाळून, आम्हाला लगूनच्या पार टोकाला घेऊन गेले होते. त्याचा हिशोब तिने केला नव्हता, कारण ते आपल्याला स्वागत म्हणून दिसतं आणि आपल्याकडून जातं ते खर्च म्हणून. त्यांच्याकडे या दोन वह्या नाहीतच. मी त्या संध्याकाळी हे काही बोलले नाही, बोटीवर क्रूने फार तत्त्वज्ञान सांगू नये.

रविवारचं मात्र सगळं बंद. लाऊ कट्टर मेथडिस्ट, रविवारी मासेमारी नाही, पोहणं नाही, काम नाही. सकाळी लाली वाजते, म्हणजे खोदलेल्या ओंडक्याचा ढोल, आणि सगळं गाव चर्चमध्ये. मला धर्माचं फारसं काही नाही, पण बिनवाद्याचं चार सुरांतलं ते गाणं छपराला भिडतं तेव्हा आपण गप्प बसतो. नंतर जेवण, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं, आणि जेवल्यावर सगळे चटईवर आडवे. पाहुण्यानेही झोपायचं. मला दुपारी झोप येत नाही म्हणून मी उठून बसले तर काकूंनी डोळे न उघडता हाताने खूण केली, पड.

काकांच्या अंगणात अर्धवट कोरलेला तानोआ पडलेला असायचा, वेसी नावाच्या झाडाचा, फार जड आणि चिवट लाकूड. कंबारा आणि फुलांगा ही या लाकडाची आणि कोरीव कामाची जुनी बेटं, पूर्वीच्या मोठ्या ड्रुआ, म्हणजे जोडहोड्या, याच भागातल्या वेसीपासून बनायच्या. तीस मीटरच्या वर लांब, शंभरच्या वर माणसं नेणाऱ्या, आणि वेगात त्या काळच्या युरोपियन जहाजांना मागे टाकणाऱ्या. काका एकदा आमच्या बोटीवर आले तेव्हा त्यांनी इंजिन बघितलं नाही, फ्रिज बघितला नाही, सगळे आधी तेच बघतात. ते डोलकाठीच्या बुडाशी गेले आणि दोऱ्या हाताने चाचपत राहिले. त्यांच्या आजोबांकडे शिडाची उलांडी होडी होती म्हणाले. काकांकडे आता फायबरची बोट आणि चाळीस हॉर्सपॉवरचा यामाहा, पेट्रोल सुवाहून ड्रमने येतं, जहाजाला उशीर झाला की बोट किनाऱ्यावर. वारा मात्र रोज आहे. परदेशातले लोक निवृत्तीचे पैसे लावून शिडं उभारून इथे येतात आणि इथल्यांची शिडं गेली, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. फिजीत आता 'उतो नि यालो' नावाची जोडहोडी पुन्हा शिडावर बेटाबेटांत फिरते, तिच्याबद्दल काका फार आपुलकीने बोलले, पण पेट्रोलचा ड्रम कधी येतोय हेही त्याच दमात विचारलं.

रात्री बोटीवर परत आल्यावर मी इतिहासाचं वाचत बसायचे आणि मला राहून राहून वाटायचं, समुद्रातून आलेल्या माणसाला हे लोक अजूनही आत घेतात ते कसं काय. कारण समुद्रातून जे जे आलं त्याचा हिशोब काही बरा नाही. 1774 च्या जुलैत कॅप्टन कुक दक्षिण लाऊमधल्या वातोआला आला, फिजीतलं हे एकच बेट त्याने गाठलं. लोक झाडीत पळून गेले. कुकच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या खडकावर एक सुरी, काही पदकं आणि खिळे ठेवले आणि ते निघून गेले. मला ही गोष्ट सेवुसेवुनंतर वाचल्यामुळे असेल पण फार लागली. भेट ठेवली, पण घ्यायला समोर कुणी नाही, टाळी नाही, काही नाही. 1789 मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरच्या बंडानंतर तिथून हाकललेला कप्तान ब्लाय उघड्या छोट्या होडीतून याच बेटांमधून गेला, नकाशे काढत गेला पण उतरला कुठेच नाही, नुकताच टोंगामध्ये त्याचा एक माणूस मारला गेला होता. फिजीच्या होड्यांनी पाठलाग केला, हा वल्ही मारत सुटला.

आणि 1875. आदल्या वर्षी फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं, राजे थाकोम्बाऊ सिडनीला जाऊन 'डायडो' या ब्रिटिश युद्धनौकेने परत आले आणि बोटीतून गोवर आला. क्वारंटाइन केलं नाही. स्वागताला आणि सभेला लांबलांबचे प्रमुख जमले, ते घरी परतले तसा गोवर बेटाबेटांवर गेला. सुमारे 40,000 माणसं मेली, लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. म्हणजे स्वागत केलं म्हणून मेली, असंही म्हणता येईल. चार वर्षांनी, 14 मे 1879 ला 'लिओनिडास' हे शिडाचं जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, घेऊन लेवुकाला आलं, वाटेत कॉलरा आणि देवी झालेल्या, तेव्हा मात्र सगळ्यांना आधी बाजूच्या छोट्या बेटावर वेगळं ठेवलं. 1916 पर्यंत अशी 60,000 च्या वर माणसं आली. 1884 मध्ये 'सिरिया' नासिलाईच्या रीफवर फुटलं त्यात 59 जण बुडाले.

हे वाचल्यावर मला तो सावुसावुचा यंगोनावाला आठवला, माझं काय काम तिथे म्हणणारा. त्याची चौथी पिढी या देशात. मला, भारताचा पासपोर्ट घेऊन आलेल्या बाईला, अर्ध्या किलो मुळांच्या बदल्यात अर्ध्या तासात 'तुम्ही आता या गावाचे' असं ऐकायला मिळालं. त्याच्या घराण्याला ऊस पिकवायला जमीन मिळाली ती लीजवर, कायद्याने ठरलेली तीस वर्षांची लीज, 1997 पासून ती संपायला लागली आणि कितीतरी कुटुंबं उठून शहराकडे गेली. त्यात सरकारं उलथवणारी 1987 ची बंडं, 2000 चं बंड. याचा दोष मी गावाला देत नाही, जमीन कुणाची या प्रश्नात दोन्ही बाजूंना घाबरण्यासारखं होतं आणि मधे ज्यांनी हे सगळं मांडून ठेवलं ते साखर विकून, राज्य सोडून गेले. पण एवढं मला तिथे स्पष्ट दिसलं की निघून जाणाऱ्याचं स्वागत करणं सोपं असतं. आम्ही वाऱ्यावर अवलंबून होतो, वारा फिरला की जाणार होतो, आणि गावालाही ते माहीत होतं. काकूंना मी एकदा विचारलं, फिजीतले भारतीय कधी येतात का इकडे? म्हणाल्या, शिक्षक आला होता एक, चांगला होता, गाणी म्हणायचा. थोडं थांबून म्हणाल्या, त्याने सेवुसेवु आणलं होतं.

2023 पासून मे महिन्यात फिजीत गिरमिट दिनाची सुट्टी असते. सुट्टीने काय होतं असं कुणी विचारेल. मला माहीत नाही, पण नसण्यापेक्षा बरी.

निघतानाही यंगोना लागतं हे यॉटवाले बरेचदा विसरतात. येताना परवानगी, तशी जातानाही, आम्ही निघतो, आम्हाला सोडा, असं म्हणायला परत जाऊन बसावं लागतं. न सांगता पहाटे नांगर उचलून गेलेल्या बोटी गावाच्या बरोबर लक्षात राहतात, कारभाऱ्यांनी दोन-तीन बोटींची नावं मला सालासकट सांगितली. आम्ही गेलो, बसलो, टाळ्या झाल्या. काकूंनी एक चटई दिली जी बोटीत कुठेच मावेना, शेवटी माझ्या बंकवर अंथरली. कॅप्टनची बायको, जिला सगळं जरा जास्त होत होतं, तीच सगळ्यात जास्त रडली आणि स्वतःचा चांगल्यातला रेनकोट सुनेला देऊन आली.

मला वाटलं होतं झालं, आता आठवणी. तसं काही झालं नाही. गावात एका घरावर आता इंटरनेटची डिश आहे आणि पुतण्या मेसेज करतो. आधी खुशाली, मग चर्चच्या छपरासाठी वर्गणी गोळा होतेय ती बातमी, मग यादी. काकांना अमुक मापाची पटाशी, काकूंना चष्मा अडीच नंबरचा, आधीचा नातवाने मोडला, शिवणयंत्राच्या सुया, आणि धाकट्याला फुटबॉल, पंपासकट, कारण मागच्या बोटीने पंप आणलाच नव्हता. एक फ्रेंच जोडपं जूनमध्ये सावुसावुहून तिकडे जातंय, त्यांना मी ही यादी पाठवलीय, मार्केटात कुठल्या माणसाकडून घ्यायचं ते पण लिहिलंय, आणि खाली, अर्धा किलो नको, एक किलो न्या, वाकाच घ्या, पूड नको.